मतं जुळत नसताना कायदा कसा जुळतो?

दप्तरी

निवडणुका जवळ आल्या की धोरणावरचा कुठलाही धागा चौथ्या-पाचव्या प्रतिसादाला भरकटतो. कुणी भक्त ठरतो, कुणी गुलाम, आणि मूळ प्रश्न तिथेच पडून राहतो. म्हणून जरा उलटा विषय मांडतोय. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एखाद्या कायद्यावर एकमताने हात वर करतात, तेव्हा त्याआधी नेमकं काय घडलेलं असतं?

नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: तेव्हाचे नेते मोठ्या मनाचे होते, आता ते राहिले नाहीत. मला हे उत्तर आळशी वाटतं. त्या काळची भाषणं चाळली तर टोमणे आणि सभात्याग तेव्हाही भरपूर सापडतात. माझं म्हणणं असं, की हात वर करणाऱ्यांची कारणं शेवटपर्यंत वेगळीच असतात. ती एक करायचा हट्ट धरला की बोलणी फिसकटतात. ज्याचं कारण त्याच्यापाशी ठेवून फक्त 'करायचं काय' एवढ्यावर बसलं, तर जमतं.

रोजगार हमी योजना घ्या. कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांनी ती करून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला, राज्यभर दुष्काळी कामं निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. सरकारकडे काम मागणं हा कायदेशीर हक्क झाला तो इथे.

आता कुणाला हा कायदा कशासाठी हवा होता ते बघा. समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट ही मंडळी दुष्काळात मजुरांचे मोर्चे काढत होती. त्यांच्या लेखी हा श्रमिकांचा हक्क होता. सत्ताधारी पक्षातला बागायतदार आमदार वेगळा हिशेब करत होता: बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते फुकटात होणार, आणि पाण्याची पातळी वाढणार ती त्याच्याही विहिरीची. शिवाय ऐन सुगीत मजूर सरकारी कामावर पळू नयेत याची काळजी योजनेत घेतलेली होतीच. शहरी मध्यमवर्गाला वाटत होतं की खेड्यात काम मिळालं तर शहरात येणारे लोंढे थांबतील. पागे स्वतः गांधी-विनोबांच्या मुशीतले, त्यांचं कारण आणखी निराळं.

या चौघांना एका खोलीत बसवून 'गरिबी कशामुळे येते' असं विचारलं असतं तर अजूनही बैठक चालू असती!

आणि पैसा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या नोकरदारांकडून, व्यावसायिकांकडून हा कर घ्यायचा, तो रोजगार हमी निधीत टाकायचा आणि सरकारने त्यात आपला वाटा घालायचा. तुमच्या पगारपत्रकात 'पी. टी.' म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच हा कर. वर्षाचे बरोबर २,५०० होतात, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये तेवढीच कमाल मर्यादा आहे (१९८८ पर्यंत ती फक्त २५० होती). फेब्रुवारीत शंभर जास्त का, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

तर चर्चेला सुरुवात करा. आजच्या पक्षांचा उद्धार करायचा असेल तर त्यासाठी इतर धागे आहेत.

सरळवाट

फेब्रुवारीचं कोडं इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद! लेख आवडला, वाचतोय.

तिरकस

दप्तरी, मांडणी छान, पण तुम्ही सोयीचं उदाहरण निवडलंत. सर्वपक्षीय एकमताचे इतर नमुने देतो, मग बोलू.

एक. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. त्यावर काय झालं? डावे, उजवे, मधले सगळे विरोधात. अडीच महिन्यांच्या आत कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत हजर. ते पुढे बारगळलं, पण आयोगाचा आदेशही पक्षांनी कधी पाळला नाही.

दोन. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याचं म्हटलं. मग २०१६ च्या वित्त विधेयकातून 'परदेशी स्रोत' कशाला म्हणायचं याची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. ती दुरुस्ती २०१० पर्यंतच मागे जात होती, म्हणून २०१८ मध्ये थेट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत ते वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं. कुणी गळा काढल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे समान भूमी सापडते हो, पटकन सापडते. फक्त ती कुणाच्या मालकीची जमीन आहे ते विचारायचं. समझोता टेबलाशी बसलेल्यांमध्ये होतो आणि बिल बाहेर उभ्या असलेल्याच्या नावावर फाडलं जातं. रोहयोतही ऐन सुगीत मजूर मिळावेत ही सोय कुणाची? बागायतदाराची. मजुराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सुगीतही काम द्या, म्हणजे शेतमालकाला मजुरी वाढवावी लागेल.

दप्तरी

तिरकस, दोन्ही उदाहरणं मान्य. सुगीचा मुद्दाही बरोबर आहे. पण त्याच तडजोडीमुळे बागायतदारांच्या मतांवर कायदा तरला हेही खरं. आणि कायद्यात हक्क म्हणून आलेली गोष्ट पुढे कोर्टात वापरता येते. १९८८ मध्ये रोहयोवर किमान वेतन द्यायचा प्रश्न उच्च न्यायालयातूनच सुटला. तडजोडीत जे मिळालं नाही ते मजुरांच्या बाजूने नंतर मिळालं. नुसती 'योजना' असती तर एका शासन निर्णयाने गुंडाळली असती.

तिरकस

आणि दर वाढल्यावर कामांची संख्या कमी झाली. तेही लिहा.

दप्तरी

लिहिलं असतं, तुम्ही लिहिलंत. :)

कलमदान

मला दप्तरींच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडायची आहे. 'कारणं बाजूला ठेवा' हे म्हणणं सोपं. प्रत्यक्षात ती बाजूला ठेवायची कशी? विधेयकाचा मसुदा ज्यांनी हाताळलाय त्यांना ठाऊक असेल, की भांडण बहुतेक वेळा व्याख्येच्या कलमात असतं.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा बघा. तो कितीतरी वर्षं रखडला. कारण 'अंधश्रद्धा' कशाला म्हणायचं यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. एकाची श्रद्धा ती दुसऱ्याची अंधश्रद्धा. त्यावर सभागृहात रात्रभर बोलता येतं. २०१३ मध्ये जो कायदा झाला त्याने हा प्रश्नच टाळला. त्याच्या पूर्ण नावातही 'अंधश्रद्धा' नाही. आहे ते 'नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा'. आणि सोबत एक अनुसूची, तिच्यात मोजकी कृत्यं नेमकी लिहिलेली. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्र-गंडे करणं, असं सगळं. श्रद्धेबद्दल तुमचं मत काहीही असो, आजारी माणसाला मिरचीची धुरी द्यावी असं सभागृहात उभं राहून कोण म्हणणार?

शिवाय कायद्यात एक कलम उलट्या बाजूचंही आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. विरोधकांच्या मनात जी भीती होती ती कायद्यातच लिहून खोटी ठरवली. 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मसुदा पातळ केला अशी टीका तेव्हा झाली आणि ती चूक नव्हती. तरी मला वाटतं, तत्त्वाकडून कृत्याकडे सरकणं ही मसुदेकाराच्या हातातली सगळ्यात कामाची युक्ती आहे.

रोखठोक_७७

हे सगळं ठीक, पण मुळात अमुक एका पक्षाने ६० वर्षं देशाची वाट लावली नसती तर

सरळवाट

झालं सुरू. धाग्याच्या शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा की राव.

तिरकस

कलमदान, जादूटोणाविरोधी कायद्याला समझोता म्हणताना जरा थांबा. तो झाला कधी? २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झालं. इतकी वर्षं अनुसूच्या होत्याच की! युक्तीने जमलं असतं तर आधी जमलं असतं. जमलं ते लोकक्षोभामुळे.

कलमदान

लोकक्षोभ नसता तर त्या वर्षी झाला नसता, शंभर टक्के कबूल. पण क्षोभ आला तेव्हा फाइलमध्ये तयार मसुदा होता, दहा जणांच्या हरकतींतून तावून-सुलाखून निघालेला. तो नसता तर चार दिवसांत वटहुकूम निघाला नसता. निघाला असता तर इतका ढिसाळ, की पहिल्याच सुनावणीत उडाला असता. १९७२ चा दुष्काळ आणि तासगावचा प्रयोग यांचंही नातं हेच आहे ना? दुष्काळ सगळ्यांवरच येतो, पण करून पाहिलेली योजना हाताशी असतेच असं नाही.

मधुमालती

छान चाललंय. मी करांच्या बाजूची आहे, म्हणून जीएसटीबद्दल लिहिते. जीएसटी चांगला की वाईट, हा वाद इथे नको.

३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत घटनादुरुस्ती २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. अण्णाद्रमुकने सभात्याग केला, बाकी सगळे बाजूने. बातम्यांत त्याचं श्रेय त्या आठवड्यातल्या भेटीगाठींना दिलं गेलं. खरं काम १६ वर्षं आधी सुरू झालं होतं. २००० मध्ये वाजपेयी सरकारने राज्यांच्या अर्थमंत्र्यांची एक समिती नेमली आणि अध्यक्ष कोण केला? असीम दासगुप्ता, पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारचे अर्थमंत्री. पुढे २०११ मध्ये केंद्रात यूपीए असताना त्याच समितीचे अध्यक्ष बिहारचे सुशीलकुमार मोदी झाले, म्हणजे भाजपचे. २०१५ मध्ये केंद्रात भाजप, तर अध्यक्ष केरळच्या काँग्रेस आघाडीतले के. एम. मणी, नंतर बंगालचे अमित मित्रा, तृणमूलचे. केंद्रात एक आणि त्या खुर्चीत दुसरा, असं बहुतेक काळ चाललं. हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलकं वाटतं. खुर्ची विरोधकाकडे असली की विरोधकाला नुसतं 'नाही' म्हणून चालत नाही, त्याला पर्यायी आकडा मांडावा लागतो.

तरीही २०११ चं विधेयक अडकलंच. कारण राज्यांना धास्ती होती की कराचा हक्क सोडला आणि महसूल घसरला तर काय? त्यावर तोडगा निघाला तो रोख स्वरूपाचा. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरायचं, दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची आणि जेवढी तूट येईल तेवढी केंद्राने पाच वर्षं भरून द्यायची. केंद्राच्या सद्हेतूवर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच ठेवली नाही. नुकसानीची किंमत आधीच लिहून दिली. (१४ टक्के हा आकडा फार उदार होता आणि करोनाच्या वर्षात त्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, पण ते अवांतर.)

दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेतल्या मतांची रचनाही बघण्यासारखी आहे. एकूण वजनापैकी एक तृतीयांश केंद्राचं, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला एकट्याने काही लादता येत नाही आणि केंद्राशिवाय राज्यांनाही काही करता येत नाही. परिणाम असा झाला, की पहिल्या ३७ बैठकांत मतदानाची वेळच आली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा मत पडलं, तेही कशावर, तर लॉटरीवरच्या करावर.

तिरकस

मधुमालती, माहितीबद्दल आभार, खुर्चीचा मुद्दा मला खरंच नवीन होता. पण बघा, इथेही टेबलाशी कोण? केंद्र आणि राज्यं. महापालिका कुठे आहेत? जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, मुंबईची उरलेली जकात जुलै २०१७ मध्ये गेली. त्या परिषदेत महापौराला खुर्ची नाही.

मधुमालती

नाही. महाराष्ट्राने भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला, पण तुमचा मुद्दा राहतोच. ज्याला मत नाही त्याला भरपाई मागावी लागते, ठरवता येत नाही.

पथिक

मोठ्या कायद्यांबद्दल जाणकार लिहीतच आहेत. मी खालच्या पातळीवरचं लिहितो.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात एक नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. बाकी प्रशासन, वाहतूक पोलीस, रहिवासी संघ वगैरे. तिरकस म्हणतात तसा 'बाहेर उभा असलेला माणूस' कायद्याने आत आणून बसवलेला आहे. अशा समितीच्या एका भागाच्या बैठकांना मी रहिवाशांच्या बाजूने बसायचो. शहर सांगत नाही, गरजही नाही.

पहिल्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. आमच्या बाजूने 'पदपथ कर भरणाऱ्यांचे', त्यांच्या बाजूने 'आम्ही काय उपाशी मरायचं'. दोन्ही बाजूंना आपापल्या लोकांना दाखवायचं होतं की आपण कडक बोललो. एक ज्येष्ठ बाई होत्या, स्वतः भाजी विकणाऱ्या, त्या सगळ्यांचं ऐकून म्हणाल्या, "आधी फूट मोजा, मग भांडा."

पुढच्या वेळी बैठक पदपथावरच घेतली. अभियंत्याने टेप धरला. विजेचा डीपी, झाडाचं आळं, बंद पडलेला टेलिफोनचा खांब, एका दुकानाची बाहेर आलेली पायरी, उभ्या दुचाक्या हे सगळं मोजल्यावर लक्षात आलं, की चालायची निम्मी वाट विक्रेत्यांनी अडवलेलीच नव्हती. आमच्यातल्या एका काकांना हे अजिबात आवडलं नाही, कारण दुचाक्यांत त्यांचीही होती. विक्रेत्यांनाही मानावं लागलं, की कोपऱ्यावरच्या तीन गाड्यांमुळे व्हीलचेअर वळत नाही. ती आमच्याच इमारतीतल्या एका मुलाची होती आणि तो तिथे हजर होता.

ठरलं ते एवढंच: चालायला सलग मोकळा पट्टा, त्याची कडा रंगवायची, रंगाच्या आत ना विक्रेता ना दुचाकी ना दुकानाची पायरी. कोपऱ्यावरच्या तीन गाड्या आतल्या गल्लीत. वेळांचा प्रश्न मात्र सुटला नाही. आम्हाला रात्री नऊला सगळं बंद हवं होतं, त्यांचा खरा धंदा आठ ते दहा. तो आजही लटकलेला आहे.

विक्रेते शहरात असावेत की नसावेत, यावर आमचं मत बैठकीआधी जे होतं तेच नंतरही राहिलं. काकांचं तर आणखी पक्कं झालं.

सरळवाट

पथिक, प्रतिसाद फार आवडला. "आधी फूट मोजा" हे संसदेच्या दारावर लिहायला हवं.

एक प्रश्न सगळ्यांना. पथिक यांच्या बैठकीत माणसं बदलून बोलू शकली, कारण तिथे कॅमेरा नव्हता आणि मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, म्हणजे व्हिप, नव्हता. विधिमंडळात हे कसं होणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदार-खासदाराने व्हिप मोडून मत दिलं तर जागाच जाते. मग समोरच्याचं पटलं तरी उपयोग काय?

दप्तरी

सरळवाट, कळीचा प्रश्न. एक जागा आहे जिथे व्हिप चालत नाही: संसदेच्या स्थायी समित्या. १९९३ पासून खातेनिहाय समित्या आहेत, सध्या २४, प्रत्येकीत ३१ सदस्य, सगळ्या पक्षांचे. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे टीव्हीसाठी बोलायची गरज नसते. साक्षीला सचिव येतात, तज्ज्ञ येतात, संघटना येतात.

दोन उदाहरणं. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचं विधेयक यूपीएने डिसेंबर २००४ मध्ये आणलं तेव्हा ते दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरतं होतं. ते गेलं ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे, अध्यक्ष भाजपचे कल्याण सिंह. त्या समितीने सांगितलं की दारिद्र्यरेषेची अट काढा, ग्रामीण भागातल्या कुणालाही मागता येऊ द्या. २००५ च्या कायद्यात ती अट राहिली नाही. विरोधी पक्षाच्या अध्यक्षाच्या समितीने सरकारचं विधेयक आणखी मोठं केलं!

दुसरं, भूसंपादनाचं. २०११ च्या विधेयकावर अहवाल देणाऱ्या समितीच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन. समितीने म्हटलं की खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊच नये. सरकारने तेवढं मानलं नाही, पण खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हे सगळं घेऊन २०१३ चा कायदा झाला, भाजपच्या पाठिंब्याने. पुढे सत्ता बदलली आणि डिसेंबर २०१४ मध्ये संमतीची अट पाच प्रकारच्या प्रकल्पांना सैल करणारा वटहुकूम निघाला. तो पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सोडून द्यावा लागला. दीड वर्षापूर्वी ज्या कायद्याला आपणच हात वर केला, तो मोडायला बहुमतही पुरत नाही. ज्याला दोघांनी मिळून बांधलंय ते एकाला पाडता येत नाही, हा समित्यांचा न दिसणारा फायदा.

आता उलटं बघा. २०२० चे तीन कृषी कायदे: जूनमध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये मंजुरी, समितीकडे पाठवले नाहीत, राज्यसभेत मतविभागणी मागितली असताना आवाजी मतदान. नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे. कायद्यांच्या गुणदोषांवर मी बोलत नाही, त्यातल्या काही सूचना आधी वेगवेगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांतही होत्या. पण जे वर्ष समितीत गेलं असतं ते रस्त्यावर गेलं.

पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

तिरकस

हा आकडा माहीत होता तरी टोचतो. समितीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बंद दाराबद्दल आहे. बंद दाराआड माणूस मोकळं बोलतो, हे खरं. बंद दाराआड सौदाही होतो, हेही खरं. दोन्हींमध्ये फरक कसा करायचा?

स्वीडनचं उदाहरण नेहमी देतात. १९९४ मध्ये पाच पक्षांनी पेन्शनवर करार केला, १९९८ मध्ये कायदा झाला, आणि निवृत्तिवेतन निवडणुकीच्या प्रचारातूनच बाहेर काढलं. पक्षांचा गट त्यानंतरही बसत राहिला. वाखाणण्यासारखं आहे. पण मतदाराच्या बाजूने बघा: पेन्शन कमी वाटतेय म्हणून त्याने मत द्यायचं कुणाला? पाचही पक्ष करारात! मग तो करारात नसलेल्या टोकाच्या पक्षाकडे जातो. सगळे शहाणे एका बाजूला बसले की रागावलेल्या माणसाला दुसरी बाजू उरत नाही.

कलमदान

फरक करायची एक ढोबळ पद्धत सांगू? अहवालासोबत भिन्नमतपत्रिका छापली आहे का ते बघायचं. चांगल्या समितीत असहमत सदस्याचं टिपण अहवालालाच जोडलेलं असतं, आणि काय पटलं नाही ते त्यात कलमवार असतं. परदेशी देणगीच्या दुरुस्तीत भिन्नमत शोधून दाखवा. मिळणार नाही, कारण ती समितीकडे गेलीच नव्हती, वित्त विधेयकाच्या पोटात होती.

आणि आयर्लंडचं बघा. तिथे २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक निवडले, अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. गर्भपातासारखा विषय, जो तिथल्या पक्षांनी दशकानुदशकं टाळला होता. सभेतली भाषणं लोकांना थेट बघता येत होती, पण टेबलांवरची गटचर्चा खासगी. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं, ६६.४ टक्के बाजूने. म्हणजे दार पूर्ण उघडं की पूर्ण बंद असा प्रश्नच नाही. पुरावा उघड्यावर, चाचपणी आत, आणि शेवटचं मत पुन्हा उघड्यावर.

तिरकस

हे मला पटतंय, आणि मला पटतंय याचा मलाच त्रास होतोय.

तरी ज्याला मत नाही त्याचं काय, हा प्रश्न मी सोडत नाही. पथिक यांच्या कायद्यात ४० टक्के जागा होत्या म्हणून भाजीवाल्या बाई बोलू शकल्या. रोहयोच्या बैठकीत मजूर नव्हता, मोर्चातून आत डोकावत होता.

मधुमालती

आपल्यासारख्यांना करण्यासारखी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोक करतात. फेब्रुवारी २०१४ पासून केंद्र सरकारचं धोरण आहे की नव्या विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि सूचना घ्यायच्या. हा कायदा नव्हे, धोरण आहे, त्यामुळे पुष्कळदा पाळलं जात नाही. पण पाळलं जातं तेव्हा येणाऱ्या हरकती बहुतेक एकाच साच्यातल्या: 'विधेयक मागे घ्या' किंवा 'विधेयक उत्तम आहे'. त्या मोजल्या जातात आणि बाजूला पडतात. 'कलम अमुक, पोटकलम तमुक, या शब्दांऐवजी हे शब्द' अशी हरकत आली की अधिकाऱ्याला टिपण लिहावंच लागतं. आणि त्याच दुरुस्तीची मागणी दोन परस्परविरोधी संघटनांकडून आली तर ती वर जाते. मी जाताना पाहिलीय: उद्योजकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांची संघटना, दोघांनाही विवरणपत्राची मुदत महिन्याच्या दहाऐवजी वीस तारखेला हवी होती. कारणं विचारलीत तर एकमेकांच्या तक्रारीच ऐकायला मिळाल्या असत्या.

सरळवाट

मिळाली का मग वीस तारीख?

मधुमालती

पंधरा.